कोरडं तळं

मुलगा लॉस एंजेलिसला असतो. 2019 च्या मार्चअखेर आम्ही दोघं तिकडे होतो, तेव्हा त्याने चार दिवस रजा काढून आम्हाला गाडीने डेथ व्हॅली आणि सिएरा नेवाडा दाखवायला नेलं. सत्तरीला टेकलेल्या आईबापांना 'मृत्यूची दरी' दाखवायची ही कल्पना आमच्या ह्यांना भारीच आवडली. वाटभर तोच विनोद!

शाळेत मी मराठीबरोबर भूगोलही शिकवला. पर्जन्यछाया समजावताना फळ्यावर डावीकडे समुद्र, मध्ये सह्याद्री आणि उजवीकडे कोरडे माण-खटाव अशी आकृती काढायची. 395 नंबरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघालो आणि तीच आकृती गाडीच्या काचेतून दिसायला लागली. डावीकडे बर्फाने भरलेला सिएरा, त्याच्या पार पलीकडे पॅसिफिक. उजवीकडे तपकिरी, बोडके डोंगर. ढग सगळं पाणी डावीकडेच टाकून येतात. लोन पाइन नावाच्या छोट्या गावातून माउंट व्हिटनी दिसतो, उंची 14,505 फूट. तिथून दीडशे किलोमीटरच्याही आत बॅडवॉटर, समुद्रसपाटीपासून 282 फूट खाली. तिथे मिठावरून चालायचं आणि मान वर करून कड्यावरची 'समुद्रसपाटी' अशी पाटी वाचायची. वर्गातली पोरं इथे आणता आली असती तर, असं वाटून गेलं.

पण मनात राहिलं ते ओवेन्स तळं. नकाशात एवढं मोठं, आणि समोर पाहावं तर पांढरट माती, मधूनमधून उथळ पाण्याचे तुकडे, त्यावर पक्षी. मुलाने सांगितलं, "आई, हे पाणी आमच्याकडे गेलं."

लॉस एंजेलिस शहराने या खोऱ्यातल्या जमिनी पाण्याच्या हक्कासाठी गुपचूप विकत घेतल्या. मुलहोलंड नावाच्या इंजिनिअरने सुमारे 375 किलोमीटरचा कालवा बांधला. 1913 मध्ये पाणी सुरू झालं, तेही पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. (इंजिनिअरिंग म्हणून हात जोडावेत असंच.) नदी वळवली, वीस वर्षांच्या आत तळं आटलं. 1924 मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी कालव्याला सुरुंग लावला, पण पाणी काही परत आलं नाही. तळाची खारी धूळ मात्र वाऱ्याबरोबर लोकांच्या छातीत जायला लागली. शेवटी 2001 पासून शहराला थोडं पाणी परत सोडावं लागलं, ते धूळ बसवण्यापुरतं. पक्षी आले ते त्यामुळे.

मुलाच्या घरी रोज मनसोक्त आंघोळ करत होते. त्यात थोडं पाणी इथलंही असणार.

माझं आजोळ भीमाकाठचं, इंदापूर तालुक्यातलं. उजनी धरणात गेलं. तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. इथे तळ्याची माती झाली, तिथे मातीचं तळं झालं, उलटसुलट एवढंच. मामाला दुसरीकडे जमीन मिळाली, पण जन्मभर त्याने बाजारात ऊस दिसला की "हा आमच्या घरावर उगवलाय" असं म्हटलं. धरण नको होतं असं मला आजही म्हणवत नाही. सोलापूरच्या बायका रिकाम्या हंड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या मी पाहिल्यात. पण मामाचं ते वाक्यही खोडता येत नाही.

मे महिन्यात परत आल्यावर मामेभावाला फोन करून ही सगळी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे धूळ उडाली म्हणून पाणी दिलं. माणसं ओरडली तेव्हा नाही?"

मी काही बोलले नाही. तोच पुढे म्हणाला, "ताई, यंदा उजनी फार खाली गेलीय. आपल्या विहिरीचा काठ उघडा पडलाय म्हणतात. येतेस का बघायला?"

ह्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहून मान हलवली. मी पिशवी भरायला घेतली.