चव्वेचाळीसाव्या वर्षी मोबाईलमध्ये जोडीदार शोधताना

पोस्ट जरा मोठी आहे. वेळ असेल तर पूर्ण वाचा. अर्धवट वाचून मत बनवू नका, एवढीच विनंती.

मी ४४ वर्षांची. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नवरा गेला. मुलगी यंदा बारावीला, पुढच्या वर्षी पुण्याला जाईल. मग घरात मी आणि टीव्ही. गेल्या दिवाळीनंतर मी मोबाईलमध्ये तीन डेटिंग ॲप टाकली. तिन्ही फुकटची.

वधू-वर सूचक मंडळात का नाही गेले? गेले होते. फॉर्मवर पहिला रकाना जातीचा, दुसरा 'मुलांची जबाबदारी' असा. घरी पोचेपर्यंत शेजारच्या काकूंना कळलं होतं. आमच्याच नात्यातल्या एका भाऊजींची बायको गेली, तर सहा महिन्यांत लोक स्थळं घेऊन आले. "बाप्या माणसाला एकट्याने कसं जमणार?" मला मात्र सगळ्यांनी एकच सांगितलं, "आता मुलीकडे बघ." बघतेच आहे की!

तर ॲपचा अनुभव सांगते. पहिली गोष्ट, ही ॲप तुमचं लोकेशन घेऊन जवळची माणसं दाखवतात. पुण्या-मुंबईत ठीक आहे. तालुक्याच्या गावी तिसराच फोटो निघाला तो ज्यांच्या घरी मी संक्रांतीचं हळदीकुंकू घेऊन आले त्या घरमालकांचा. प्रोफाइलवर लिहिलं होतं 'सिंगल'. मी मोबाईल उलटा ठेवला आणि चहा टाकला.

दुसरी गोष्ट, फुकट म्हणजे फुकट नसतं. 'तुम्हाला सात जणांनी पसंत केलं' असं दाखवतात, पण चेहरे धूसर. बघायचे तर पैसे भरा. जोडीदार मिळाला की गिऱ्हाईक गेलं, हा या धंद्याचा हिशेब. त्यामुळे आपण रोज उघडून बघत राहावं अशीच सगळी मांडणी. आणि आपलं वय, फोटो, आवडीनिवडी, रात्री किती वाजता जागे असतो, हे सगळं तिकडे जमा होतं ते वेगळंच.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. पंधरा दिवसांत एक 'परदेशातला इंजिनिअर' भेटला. विधुर, एक मुलगी, मराठी मोडकं. दोन दिवसांत व्हॉट्सॲप नंबर मागितला, आठवड्यात लग्नाचं बोलला, व्हिडिओ कॉलला मात्र रोज कॅमेरा बिघडलेला. मग म्हणाला, तुझ्यासाठी भेट पाठवलीय, दिल्ली विमानतळावर कस्टममध्ये अडकलीय, थोडे पैसे भरावे लागतील. पत्रकार असल्यामुळे मी ओळखलं. फोटो इंटरनेटवर उलटा शोधला, तर तो भलत्याच माणसाचा निघाला.

पण खरं सांगू? ते सात दिवस कोणीतरी "जेवलीस का?" विचारत होतं, तर मला बरं वाटत होतं.

आणि तेव्हा मला माझीच एक जुनी बातमी आठवली. काही वर्षांपूर्वी इथल्या एका निवृत्त मास्तरांना अशाच पद्धतीने लुटलं होतं. मी मथळा दिला होता, 'म्हातारपणी प्रेमाचा चटका'. सगळा गाव हसला. मास्तरांनी वाचनालयात येणं बंद केलं. चोराचं नाव कधी छापलं नाही, कारण तो सापडलाच नाही. नाव न छापताही ओळखले गेले ते मास्तरच. तो मथळा माझा होता. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "बाई, चहा घेणार का?"

१८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर मुरुडकरांनी बहिष्कार टाकला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. मोठं पाऊल, मी कौतुकाची बातमी केली. पण कुंकू राहिलं म्हणजे सोबत मिळाली असं नाही ना. त्याचा ठराव कोण करणार?

सध्या दोन ॲप काढून टाकलीत, एक ठेवलंय. नियम ठरवलेत. फेसबुकवरचा फोटो तिथे टाकायचा नाही. आधी व्हिडिओ कॉल, मग नंबर. पहिली भेट दिवसा, गर्दीच्या जागी, मुलीला सांगून. पैशाचा विषय निघाला की बोलणं बंद. आणि फसलातच तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

मागच्या रविवारी जिल्ह्याच्या गावी एकांना भेटले. एसटी स्टँडसमोर चहा घेतला, तासभर उसाच्या भावावर बोललो. पुढे काही होईल का, माहीत नाही. मुलीने फक्त विचारलं, "माणूस बरा होता का गं?" मी म्हटलं, "हो, ऐकून घेत होता."

उद्या गावात चर्चा होणार, ठाऊक आहे. म्हणूनच दुसऱ्या कुणी मथळा द्यायच्या आत मीच लिहिलं.