नजर कागदावर, फोकस भलतीकडे

शिंदखेड्यात तहसील कचेरीजवळ मी मराठी टायपिंगची कामं करतो. टायपिंग शिकवताना पहिली ताकीद असते ती स्क्रीनकडे न बघण्याची. नजर कागदावर, बोटं कीबोर्डवर. परीक्षा परिषदेची मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची परीक्षा याच सवयीवर निघते.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका मावशींचा वारसनोंदीचा अर्ज टाइप करत होतो. मधेच मागे चालू असलेल्या एका प्रोग्रॅमने अपडेटची सूचना समोर आणली आणि फोकस, म्हणजे टाइप केलेलं जिथे पोचतं ती जागा, तिकडे गेला. माझी बोटं चालूच होती. स्क्रीनकडे मावशींचंच लक्ष होतं. त्यांनी विचारलं, "भाऊ, मना बापनं नाव कोठे गयं?" मी मान वर करेपर्यंत एंटर दाबला गेला होता, तो सूचनेतल्या 'आता रीस्टार्ट करा' या बटणावर. अर्ज पुन्हा तयार होईतो कचेरीची वेळ संपली. दोंडाईचाकडून आलेल्या त्या बाईंना मजुरी बुडवून दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं.

याला इलाज नाही असं नाही. मागच्या प्रोग्रॅमने हवं तेव्हा पुढे घुसू नये, असा निर्बंध विंडोज ९८ पासूनच आहे. अशा वेळी टास्कबारवरचं त्याचं बटण नुसतं लुकलुकावं, एवढंच अपेक्षित आहे. पण पळवाटा काढून पुढे येणारे प्रोग्रॅम आजही भेटतात.

टूलटिपचा त्रास वेगळा. माउस एखाद्या रकान्यावर राहिला की ती माहितीची छोटी पट्टी उघडते आणि नेमकी खालची रक्कम झाकते. आणि वाचायची असते तेव्हा विंडोजच्या नेहमीच्या मापाने पाचेक सेकंदांत नाहीशी होते. माझ्याकडे कामाला असलेल्या काकांना मोतीबिंदू आहे. त्यांचं अर्धं वाक्यही वाचून होत नाही. वेबपानांसाठी जून २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये याचा नियम आहे: अशी पट्टी माउस न हलवता बंद करता यावी, तिच्यावर माउस नेता यावा आणि वाचणाऱ्याने हटवेपर्यंत ती टिकावी. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमनाही हाच नियम लावायला हवा.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सूचना जरूर द्या, पण कोपऱ्यात द्या. माणूस टाइप करत असेल तोवर कर्सर त्याच्याकडेच राहू द्या, आणि रीस्टार्टचं बटण एंटरवर कधीही ठेवू नका.