दोन्ही गुडघे जुळवून

पाचवा महिना सरत आला होता. उलट्या थांबल्या होत्या, जेवण जायला लागलं होतं, आणि आता बरे दिवस आले असं घरात सगळेच म्हणत होते. नेमकी तेव्हाच जांघांच्या मधोमध, पुढच्या हाडावर कळ यायला लागली. सुरुवातीला फक्त सलवार घालताना. एक पाय उचलला की चिरत गेल्यासारखं व्हायचं. मग जिना चढताना, रिक्षात पाय टाकताना, आणि शेवटी रात्री कूस बदलताना. चालताना मध्येच आतून कट् वाजायचं. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या उजव्या अंगाला एक वेगळाच ठणका असायचा.

माझं काम उभ्याचं. दादरच्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग, प्रत्येकासमोर वाकून रक्त काढायचं, मग नळ्या लावायच्या, मग मशिनपाशी उभं राहायचं. राहायला डोंबिवली. त्यामुळे रोजचा प्रवास, पूल, जिने हे सगळं आलंच.

जिथे नाव घातलं होतं तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आधी लघवीची तपासणी करून घेतली. जंतुसंसर्गानेही ओटीपोटात दुखतं, तेव्हा ते योग्यच होतं. रिपोर्ट चांगला आला. मग त्या म्हणाल्या, "वजन वाढतंय, होतं असं. बाळंतपण झालं की थांबेल." सासूबाईंचं मत वेगळं नव्हतं, त्यात फक्त उपायाची भर होती. "उकिडवं बसून लादी पुसत जा. खुबे मोकळे होतात, सुटका सोपी होते." मी पुसली. संध्याकाळी पलंगावरून उठून मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागली.

"होतं असं" यात खोटं काही नव्हतं. दर पाच गरोदर बायकांपैकी साधारण एकीला हा त्रास होतो. पण पुष्कळ जणींना होतं म्हणजे त्यावर करण्यासारखं काही नाही, असा अर्थ आपण परस्पर काढतो. सांगणारेही काढतात, ऐकणारेही. बाळंतपणाच्या बाबतीत तर सोसण्याला इतका मान आहे की दुखतंय म्हणून दोनदा सांगायलाही बाई कचरते.

लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला स्टुलावरून उठताना पाहिलं. दंडाला कापूस दाबून धरलेला, आणि मलाच प्रश्न, "रात्री कुशीवर वळताना दुखतं का हो?" तोपर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले.

त्यांनी एक्स-रे वगैरे काही सांगितला नाही. हे दुखणं हाताने तपासून आणि नीट विचारून कळतं, असं म्हणाल्या. मला उताणं झोपवलं आणि गुडघा न वाकवता उजवा पाय वीतभर उचलायला सांगितला. पाय उचलेना. म्हणजे ताकद होती, पण पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा जड. मग त्यांनी दोन्ही तळव्यांनी माझी कंबरेची हाडं दोन्ही बाजूंनी आत दाबून धरली आणि म्हणाल्या, "आता उचला." पाय वर आला. सहज आला. मी तिथेच रडले. "पाय बरा आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "तो ज्याच्या जोरावर उचलायचा ते घट्ट राहत नाहीये."

मग टेबलावरचा प्लॅस्टिकचा सांगाडा हातात दिला. कटिभाग म्हणजे हाडांचं एक कडं. मागे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाशी दोन सांधे, पुढे मधोमध एक. पुढच्या सांध्यात कूर्चेची गादी असते आणि फट एरवी चार-पाच मिलिमीटर. गरोदरपणात ती दोन-तीन मिलिमीटरने वाढते, बाळाला वाट मिळावी म्हणून वाढायलाच हवी. दहा मिलिमीटरच्या पुढे गेली तर मात्र सांधा फाकला असं धरतात. पण ते क्वचित. बहुतेकींचं दुखणं फट किती यापेक्षा तिन्ही सांधे एकमेकांशी जुळवून हलतात की नाही यावर असतं. एका बाजूवर भार पडला, एक पाय दुसऱ्यापासून लांब गेला, की कड्याला पीळ बसतो. रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकाने सांधे सैल होतात म्हणून दुखतं, हे मी कॉलेजात शिकले होते. त्या म्हणाल्या, संशोधनात रिलॅक्सिनचं प्रमाण आणि दुखण्याची तीव्रता यांचं सरळ गणित जुळलेलं नाही. बाळाला यातून काही इजा नाही, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. याला पेल्व्हिक गर्डल पेन म्हणतात, तेवढं कागदावर लिहून दिलं, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवायला.

बाकी सगळं एका नियमात बसत होतं. भार दोन्ही पायांवर सारखा, आणि गुडघे शक्य तितके जवळ. ऐकायला सोपं, पण माझा दिवस बघितला तर तो या नियमाच्या बरोबर उलट चालला होता. ओट्याशी पोळ्या लाटताना मी सगळा भार डाव्या पायावर टाकून उभी राहते, हे मला पहिल्यांदा कळलं. फ्रिजचं दार पायाने लोटायचं, धुण्याची ओली बादली एका हाताने ओढत न्यायची, पर्स कायम उजव्या खांद्यावर. पर्सच्या जागी पाठीवरची सॅक आली. सलवार पलंगावर बसून घालायला लागले. पोळ्या उंच स्टुलावर बसून. जिन्यावर एकेक पायरी, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. रिक्षात पहिल्यांदा पाठमोरी बसून मग दोन्ही पाय एकदम आत. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं दोन्ही बंद. संडास आमच्याकडे कमोडचा होता, नाहीतर त्यावर ठेवायची खुर्ची आणावी लागली असती.

रात्र सगळ्यात वाईट होती, आणि सगळ्यात लवकर सुधारलीही तीच. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, घोट्यापर्यंत पोचेल एवढी लांब. कूस बदलायची तर आधी दोन्ही गुडघे वाकवायचे, उशी घट्ट दाबायची, आणि खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम वळवायचं. सुती चादरीवर नायटी अडकायची, म्हणून सासूबाईंनी आपला जुना सॅटिनचा गाऊन काढून दिला. त्याने अंग नुसतं सरकतं. लादीवरून आमचं थोडं वाजलं होतं, पण रात्री माझा आवाज ऐकून त्याच उठायच्या.

पट्टा मिळाला, पण तो पोटाला आधार देणारा नव्हे. पोटाच्या खाली, खुब्यांच्या पातळीवर, त्या बाईंच्या तळव्यांच्या जागी बसणारा. चालताना बांधायचा, बसल्यावर सोडायचा. दिवसभर बांधून ठेवला तर स्नायू आळशी होतात. खरा आधार व्यायामाचा. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळून श्वास चालू ठेवायचा, खालचं पोट हलकेच आत घ्यायचं, गुडघ्यांमध्ये उशी दाबायची. "व्यायामाने जास्त बिघडलं तर?" असं माझ्या नवऱ्याने विचारलं. तेव्हा त्यांनी २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या स्वीडनमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. ३८६ गरोदर बायका होत्या. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांना असे स्थिरता देणारे व्यायाम जोडले तेव्हा दुखणं जास्त उतरलं. अॅक्युपंक्चरनेही उतरलं, पण ते करणारं खात्रीचं माणूस मला जवळपास माहीत नव्हतं.

गोळ्यांचं एक सांगायलाच हवं. लॅबमधल्या मैत्रिणीने पाळीत स्वतः घेते ती गोळी पुढे केली होती. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अॅसिड या जातीच्या गोळ्या गरोदरपणात आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये विसाव्या आठवड्यानंतर त्या टाळायचा इशारा दिला, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. मला डॉक्टरांनी फारच दुखलं तर पॅरासिटामॉल सांगितली होती.

लोकलचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. लेडीज डब्यात कुणीतरी सरकून चौथी सीट द्यायचं. देणाऱ्या बाईचे उपकारच, पण चौथी सीट म्हणजे अर्धं अंग बाकावर आणि अर्धं हवेत, एक पाय पुढे रोवून तोल धरलेला. कुर्ल्यापर्यंत उजवी बाजू बधिर. त्यापेक्षा दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला मुभा असते, तो धरला. तिथेही पहिले काही दिवस "तुम्हाला काय झालंय" असं विचारणाऱ्या नजरा होत्याच. पोट दिसायला लागल्यावर त्या थांबल्या. फलाटावरून डब्यात एक पाय उंच टाकून चढायचं टळत नव्हतं. दांडा दोन्ही हातांनी धरायचा, आणि गर्दीची गाडी सोडून द्यायची. उशीर झाला तर झाला.

लॅबच्या मालकांशी बोलायला मी आठवडाभर मनात वाक्यं जुळवत होते. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात एक कलम होतं. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांतही रजा घेतली नसेल तेवढे दिवस, बाईने मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने रजा बारावरून सव्वीस आठवडे झाली, हे सगळ्यांना पाठ असतं. हे उभं राहण्याचं कलम माझ्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं. मला बसून रिपोर्ट तपासायचं काम मिळालं. कुणी खळखळ केली नाही, मागितलंच नव्हतं एवढंच.

सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणात पाटाऐवजी खुर्ची आली. "खुर्चीवर कसली ओटी भरायची?" असं एक लांबची आत्या म्हणाली. "पाटावर बसवलं तर उठवायला तुम्ही या," असं सासूबाईंनी तिला परस्पर सुनावलं.

आठव्या महिन्यात फिजिओ बाईंनी टेपने एक माप घेतलं. उताणी झोपून गुडघे वाकवून ते दुखेपर्यंत बाजूला न्यायचे, आणि कळ सुरू व्हायच्या आत किती सेंटिमीटर अंतर होतं ते लिहायचं. तो कागद फाइलला लावला. प्रसूतीच्या वेळी, विशेषतः कळा कमी करायचं इंजेक्शन पाठीत दिलं असेल तर, दुखणं जाणवत नाही आणि पाय नको तितके फाकवले जातात, म्हणून. या दुखण्यासाठी सिझेरियनच करावं लागतं असं नाही. माझ्या कळा बहुतेक डाव्या कुशीवर गेल्या, आणि टेबलावर घेतलं तेव्हा नर्सने दोन्ही पाय एकाच वेळी उचलले. एकेक करून नाही.

बाळ झालं आणि दुखणं गेलं असं झालं नाही. निम्म्याहून अधिक ओसरलं, उरलेलं काही महिने रेंगाळलं. मालिशवाल्या मावशी मायेच्या, पण त्यांची रीत अशी की गुडघा धरून पाय बाहेर फिरवायचा, हाडं "बसवायची". त्यांना पाठ, पोटऱ्या, तळवे एवढंच करू दिलं. पाटावर पाय पसरून, पायांवर बाळ घेऊन न्हाऊ घालायचं काम आईने आणि मावशींनी वाटून घेतलं. मी ओट्यावर टब ठेवून शिकले. कडेवर मूल घेतानाही कंबर बाहेर काढून एका बाजूला टेकवायचं नाही, हे अजून जपते.

लॅबमध्ये रोज दोघी-तिघी तरी पोटुशी बायका हिमोग्लोबिन आणि साखर तपासायला येतात. कुणी खुर्चीचे हात धरून, गुडघे जोडून उठली, की नळीवर नाव घालता घालता मी विचारते, "रात्री वळताना दुखतं का? पाय उचलताना?" हो म्हणाली, की आधी दुसरं विचारते. लघवीला जळजळ, अंगावरून रक्त किंवा पाणी, पोट ठरावीक वेळाने कडक होणं, पायाला मुंग्या येऊन बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही असेल तर आजच डॉक्टर. नसेल तर गरोदर बायकांचं बघणारी फिजिओ शोध, बाई, आणि आठव्याची वाट बघू नकोस. पुष्कळ जणी म्हणतात, "डॉक्टर म्हणाले होतं असं." मी म्हणते, "होतंच. म्हणून तर त्यावर इलाज बसवलेला आहे."