एमआयडीसीतून एम ८० कडे

अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी करणाऱ्याने तारकागुच्छांच्या नादी लागू नये, असं आमच्या खात्यातले लोक म्हणतात. त्यांचं फारसं चुकत नाही. शेडवरचे दिवे, चिमण्यांचा धूर आणि बदलापूरच्या बाजूला वाढत चाललेले टॉवर यांच्यामुळे कंपनीच्या गच्चीवरून वृश्चिकेतली ज्येष्ठा तेवढी नीट दिसते. ज्येष्ठा आणि अनुराधेचा सर्वांत उत्तरेकडचा तारा यांच्या साधारण मधोमध एम ८० हा गोलाकार तारकागुच्छ आहे. तो मात्र त्या पिवळट उजेडात जेमतेम कळतो.

म्हणून वांगणी, अंबरनाथहून दोनच स्टेशनं पुढे. मुंबईचं खगोल मंडळ तिथे रात्रभराची आकाशदर्शनं घेत आलंय आणि मीही तिथेच शिकलो. माझी आठ इंची दुर्बीण मित्राच्या शेतघरी असते. सेकंड शिफ्ट सुटली की कर्जत लोकल पकडायची, झोप दुसऱ्या दिवशी.

एम ८० च का, तर २१ मे १८६० मुळे. त्या रात्री प्रशियातल्या कोनिग्सबर्गला आर्थर ऑवर्सला या गुच्छात सातव्या प्रतीचा नवा तारा दिसला. काही दिवसांनी इंग्लंडमध्ये नॉर्मन पॉगसनलाही तो स्वतंत्रपणे दिसला. हाच पॉगसन पुढच्या वर्षी मद्रास वेधशाळेत आला. काही लाख ताऱ्यांच्या एकत्रित उजेडाला एकट्याने भारी पडलेला तो तारा जूनच्या मध्यापर्यंत पार मंदावला. आज त्याला टी स्कॉर्पिआय म्हणतात.

तो खरं तर एकटा नव्हताच, जोडीतला होता. अशा जोडीत एक श्वेत बटू असतो आणि तो जोडीदाराचा वायू ओढून घेत राहतो. पृष्ठभागावर साठलेला हायड्रोजन एकदम पेटला की नवतारा होतो. बटूभोवती जमलेली वायूची तबकडीच अधूनमधून ढासळली, तर लहान उद्रेक होतो. त्याला खुजा नवतारा म्हणतात. गुच्छाच्या गाभ्यात तारे इतके दाटीने असतात की जवळून जाताना जोड्या जुळतात, तुटतात, जोडीदार बदलतात. त्यामुळे तिथे असे उद्रेक भरपूर दिसायला हवेत, पण सापडले फार थोडे. शिफ्ट सुटताना गेटवरच्या गर्दीत कुणी काडी पेटवली तर लांबून काय कळणार? हबल अवकाश दुर्बिणीने अतिनील प्रकाशात पाहिलं, तेव्हा कुठे गाभ्यातले लालसर राक्षसी तारे मंदावले आणि हे तापलेले बटू उठून दिसू लागले.

खुज्या नवताऱ्यांच्या मागे आमच्यासारख्यांनी लागू नये, हे माझं स्पष्ट मत. हंसातला एसएस सिग्नी उद्रेकात आठव्या प्रतीपर्यंत चढतो. तोच एम ८० इतका, म्हणजे सुमारे ऐंशीपट लांब नेऊन ठेवला तर माझ्या दुर्बिणीला दिसायचा नाही. नवताऱ्याचं तसं नाही, तो तिथूनही दिसतो.

त्यामुळे माझं काम साधं आहे: एम ८० मध्ये पुन्हा नवा तारा दिसतो का, ते बघत राहायचं. टॉर्चला लाल जिलेटिन लावायचं, मांडीवर जुनं पेन्सिलचं चित्र ठेवायचं आणि जरा तिरक्या नजरेने बघायचं. मधे दाट, कडेला विरत गेलेला गोल पुंजका दिसतो. शेजारीच आर आणि एस स्कॉर्पिआय हे रूपविकारी तारे आहेत. त्यातला एक उजळला असला की छातीत धस्स होतं. मग नकाशा काढायचा आणि शांत व्हायचं.

१८६० चा उद्रेक मे महिन्यात झाला, हे आपल्या सोयीचं. त्या दिवसांत वृश्चिक जवळपास रात्रभर वर असतो आणि पाऊस अजून यायचा असतो. बदलापूर ते कर्जत पट्ट्यात कुणाकडे साधी द्विनेत्री असेल, तरी उन्हाळ्यात अधूनमधून एम ८० बघत जा. सातव्या प्रतीचा तारा तिच्यातून दिसतो. पुंजक्यात ठळक तारा दिसलाच, तर आधी वेळ लिहा, शेजारच्या ताऱ्यांशी तेज ताडून पाहा, फोटो घ्या आणि मगच लोकांना कळवा.