मागच्या सीटवरचा वारा

परवा नाशिकहून मामेबहिणीचा फोन. "काय रे, बुलेटला म्हणे स्कूटरसारखी काच बसवलीस? म्हातारा झालास की काय?" बातमी नाशिकपर्यंत पोचलीच आहे, तर आता सविस्तर लिहूनच टाकतो. म्हणजे प्रत्येक लग्नकार्यात तेच तेच सांगायला नको. (ताई, गाडी बुलेट नाही, क्लासिक ३५० आहे. पण आपल्या घराण्यात जे जे धडधडतं ते सगळं बुलेटच, त्यामुळे असो.)

काचेशी आमचं वैर तसं जुनं. बाबांच्या चेतकला काच होती. खाली रेक्झिनचा पडदा, वर उन्हाने पिवळं पडलेलं प्लॅस्टिक. त्यातून बघितलं की अख्ख्या पुण्याला कावीळ झाल्यासारखी वाटायची. कॉलेजात ती स्कूटर न्यायची मला भयंकर लाज वाटे. आपल्या गाडीला कधी काच बसवायची नाही हे तेव्हाच ठरवलं होतं आणि पन्नाशी उलटेपर्यंत इमानाने पाळलं.

मग २०२२ च्या डिसेंबरात कोल्हापूरला जाऊन आलो. एकटाच. कारण बायकोने त्या सुमारास गाडीवर यायचं बंद केलं होतं. "तुम्ही जा हो, मला कंटाळा आलाय," एवढंच म्हणाली. गुडघे असतील, ट्रकची भीती असेल, वय असेल, असं मीच माझं ठरवून टाकलं. विचारलं नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या संसारात माणूस प्रश्न कमी विचारतो, उत्तरं स्वतःच देतो.

परत आलो त्या रात्री कानात शिट्टी. पंखा बंद केला, तरी शिट्टी. उशी कानावर दाबली तर आणखीनच स्पष्ट. सकाळी गेली, पण मी घाबरलो. मग वाचायला बसलो तेव्हा कळलं की ताशी शंभराच्या आसपास हेल्मेटच्या आत शंभर डेसिबलच्या घरात आवाज होतो. आणि तो इंजिनचा नसतो, वाऱ्याचा असतो! एवढ्या आवाजात पंधरा मिनिटांहून जास्त राहू नये असं कानांचं शास्त्र सांगतं. मी नव्वदने चार-चार तास चालवत होतो आणि वर त्याला 'मोकळी हवा' म्हणत होतो.

झालं, चेतकची शपथ मोडायची वेळ आली. नाना पेठेत गेलो. दुकानातल्या पोराने चार काचा काउंटरवर मांडल्या आणि सांगितलं, "काका, सगळ्यात मोठी घ्या. जेवढी मोठी तेवढा वारा कमी." तर्क अगदी बिनतोड वाटला. मीही अभ्यास करून गेलो होतो, पण तो काचेच्या जातीचा. ॲक्रिलिकवर ओरखडे कमी पडतात, पण दगड लागला तर ते तडकतं. पॉलिकार्बोनेट सहजी फुटत नाही, पण नुसत्या कोरड्या फडक्यानेही चरे उमटतात, आणि घरातल्या खिडक्यांच्या काचा पुसायचा अमोनियावाला फवारा मारला तर ते धुरकट होतं. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकातून खडी कशी उडते ते ज्याने खाल्लंय तो पॉलिकार्बोनेटच घेईल. मीही तेच घेतलं. उंची मात्र पोराच्या शब्दावर घेतली.

माझ्यासारखे बरेच जण इथेच फसतात म्हणून जरा सांगतो. काच ही त्यातून बघण्यासाठी नसते, तिच्यावरून बघण्यासाठी असते. सीटवर नेहमीसारखं बसायचं आणि दुसऱ्या कुणाला काचेची वरची कड आपल्या नाकाच्या रेषेत येते का ते बघायला सांगायचं. त्याहून वर नको. कारण पावसात या काचेला वायपर नसतो. माझा चष्मा, हेल्मेटची काच आणि ही काच, अशा तीन ओल्या काचांमधून रात्री समोरच्या गाडीचा दिवा बघणं म्हणजे दिवाळीच. आणि वारा काही काचेच्या कडेशी संपत नाही. कडेवरून तो उसळतो, थोडा वर चढतो आणि मग खाली वळतो. तो कुठे वळतो, सगळा खेळ त्याचाच.

हे ज्ञान अर्थात नंतरचं. आधी मी ती भलीमोठी काच लावून थेट चाळकेवाडीला गेलो. साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे पठारावर पवनचक्क्या आहेत. वाऱ्याची परीक्षा घ्यायची तर पवनचक्क्यांच्याच गावी घ्यावी, हा माझा विचार. परीक्षा वाऱ्याने घेतली! काच हँडलला बसवलेली, त्यामुळे आडव्या वाऱ्याचा झोत आला की हँडलच ओढलं जाई. शिडाची होडी हाकतोय असं वाटलं. एरवी मात्र छाती शांत, मान शांत. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, तेव्हा साठाला जे जाणवतही नाही ते नव्वदला दिवसभर छातीवर ढकलत असतं. तो भार गेला, आणि मी खूश.

खुशीखुशीत बायकोला म्हटलं, "एकदा बसून तर बघ. वाईपर्यंत. ढोल्या गणपतीला जाऊन येऊ." आली बिचारी. खंबाटकी उतरून वाईला पोचलो, तिने हेल्मेट काढलं आणि घाटाच्या पायरीवर डोकं धरून बसली. मी चहा आणला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाली,

"तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"एकदम. कळतच नाही वारा."

"कसा कळेल? तुमचा वारा आता सगळा माझ्याकडे येतो."

मला आधी गंमत वाटली. तिला नाही वाटली. "पूर्वीही यायचा," ती म्हणाली, "पण सरळ यायचा. सहन व्हायचा. आता डोक्यात टपल्या मारल्यासारखा मारतो. आणि पूर्वीसुद्धा रात्री कान वाजायचेच. म्हणून तर सोडलं."

"अगं, मग सांगायचंस ना!"

"तुमची एवढी हौस. गाडीवरून उतरलात की चेहरा कसा असतो तुमचा, मला माहीत नाही का?"

कृष्णेकडे बघत बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. जी शिट्टी एक रात्र ऐकून मी दुकान गाठलं, ती हिने किती रात्री ऐकली, कोण जाणे.

मागची सीट पुढच्यापेक्षा उंच असते. माझ्या हेल्मेटवरून निघालेला वारा नेमका तिथे खाली येत होता. म्हणजे दुकानात मापं घेतली ती एका माणसाची आणि गाडीवर माणसं दोन. हे कळायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. माझ्याकडे ती आहे, तरी कळलं नाही.

मग घरी प्रयोगशाळा उघडली. हिच्या अर्धवट राहिलेल्या स्वेटरची लोकर (माझाच होता, २०११ पासून अर्धवट आहे) वीत-वीत कापून काचेच्या कडेला, माझ्या हेल्मेटवर आणि हिच्या खांद्यांवर चिकटपट्टीने लावली. रविवारी पहाटे पौड रस्त्यावर साठाने गेलो. भाचा त्याच्या गाडीवरून शेजारी, आणि त्याच्या मागे त्याचा मित्र मोबाइलवर चित्रण करतोय. रस्त्याकडेचे लोक आम्हाला बहुधा कुठल्यातरी मिरवणुकीतून चुकलेले समजले असतील. पण चित्रणात सगळं लख्ख दिसत होतं. माझ्या छातीपाशी धागे नुसते लोंबत होते आणि हिच्या डोक्यावरचे चारी दिशांना भिरभिरत होते. उलट काचेच्या खालच्या कडेचे धागे पुढे माझ्याकडे न उडता काचेलाच चिकटून होते. काचेमागे पोकळी तयार झाली की ती हवा मागून ओढते. त्यासाठी खालून थोडी वाट ठेवावी लागते.

दुसरी काच चार इंच आखूड घेतली. ती थोडी मागे कलवली आणि खाली दोन बोटं फट सोडली. कड आता माझ्या हनुवटीशी येते. माझ्या हेल्मेटला वारा लागतो, पण सरळ आणि एकसारखा. मला पहिल्या काचेइतकं सुख नाही हे कबूल करतो. थंडीत जाणवतं. कानात घालायला फोमचे बोळे घेतले, दोघांना. पुन्हा पौड रस्ता, पुन्हा लोकर. या वेळी हिच्या खांद्यावरचे धागे शहाण्या मुलांसारखे मागे सरळ उडत होते. चित्रण तिने स्वतः तीनदा बघितलं.

पहिली काच माळ्यावर आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा. एकट्याने जाणाऱ्यासाठी उत्तम आहे, फक्त चाळकेवाडीला नेऊ नका. आणि पुसताना आधी ओलं फडकं पाच मिनिटं टाकून चिकटलेले किडे भिजू द्या, मग साध्या साबणाच्या पाण्याने धुवा. आमच्याकडे त्यासाठी बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा आहे. चेतकची काच याच धोतरांनी पुसली जायची.

गेल्या महिन्यात दोघं साताऱ्याला गेलो. पूर्वी आमची खुणांची भाषा होती. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे चहा. शिरवळच्या पुढे सत्तरने चाललो होतो, थाप आली नाही. ही पुढे वाकली आणि नुसती बोलली, आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अहो, गॅस बंद केला होतात ना?"