फोर्ट कॉलिन्सचा मुक्काम

कोलोराडो संस्थानांतील डेन्व्हर शहराहून उत्तरेस साठ-पासष्ट मैल गेलें म्हणजे फोर्ट कॉलिन्स हें गांव लागतें. समुद्रसपाटीपासून सुमारें ५००० फूट उंचीवरील या गांवाच्या पश्चिमेस रॉकी पर्वताच्या टेकड्या भिंतीप्रमाणें उभ्या आहेत. त्यांपैकीं एकीवर ‘ए’ हें भलें मोठें पांढरें अक्षर दुरूनच दिसतें. येथील शेतकी कॉलेजाच्या विद्यार्थ्यांस ‘ॲगीज’ म्हणत. त्या नांवाचें हें आद्याक्षर १९२३ सालीं रंगविलें गेलें. १८७० सालीं स्थापन झालेलें तें कॉलेज म्हणजेच आजची कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटी. पशुवैद्यकाचें शिक्षण येथें १९०७ पासून चालू आहे.

आमचें जाणें झालें तें पुतणीसाठीं. तिचा जन्म अमेरिकेंतलाच. पशुवैद्य व्हावें हा तिचा लहानपणापासूनचा ध्यास. परंतु पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत गुण घसरले आणि एका कॉलेजानें प्रवेश नाकारला. घरांतील वडील मंडळींस हें ऐकून मनांतून हायसेंच वाटलें. मुलीनें आतां हा नाद सोडावा, हें समजावून सांगण्याची कामगिरी आमच्याकडे आली.

आपल्याकडे बारावीनंतरच पशुवैद्यकाला प्रवेश मिळतो. अमेरिकेंत बहुधा आधीं पदवी घ्यावयाची व मग चार वर्षें पशुवैद्यक शिकावयाचें. या दोहोंच्या मध्यें पुतणीनें एक पूल शोधला होता: जीववैद्यक शास्त्राची एका वर्षाची, प्रबंधाविना मिळणारी मास्टर पदवी. शरीरव्यापारशास्त्रासारखे अवघड विषय उत्तम रीतीनें पार पाडून आपली कुवत दाखवावयाची, हा हेतु. मात्र यानें जुने गुण पुसले जात नाहींत, जागेची हमी नाहीं आणि खर्च थोडाथोडका नाहीं. शिवाय प्रवेशाचा अर्ज सप्टेंबरांत द्यावयाचा, तर वर्ग ऑगस्टांत सुरू होतात. म्हणजे अर्जाच्या वेळीं नवे गुण हातीं नसतात. वर्ष पुरें करून अर्ज करावा, तर आणखी एक वर्ष वाट पाहणें आलें. पुतणीनें हाच लांबचा मार्ग पत्करला होता.

रविवारीं ती एका खेड्यांतील पशुवैद्याच्या हाताखालीं काम करी. आम्हीही बरोबर गेलों. एक गाय अडली होती. दोन तास पुतणी थंडींत दोर धरून उभी होती. वासरूं बाहेर आल्यावर तिनें गवताच्या मुठीनें त्याचें अंग खसखसा पुसलें. परततांना आम्हीं विचारलें, “इतकें करून जागा मिळाली नाहीं तर?”

“नाहीं मिळाली तर नाहीं, काका. पण मला झेपत नव्हतें कीं मी नीट केलें नव्हतें, हें तरी कळेल.”

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. परळचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचें; नोकरीच्या दिवसांत आम्ही त्याच्यावरून कितीदां तरी गेलों, आंत मात्र कधींच डोकावलों नाहीं. गाईला रोज घांस काढणारें आमचें घर. गाईचा वैद्य मात्र आम्हांला घरांत नको होता!

त्याच रात्रीं आम्हीं घरीं कळविलें: निकाल काय लागावयाचा तो लागो, दुसऱ्या वर्षाच्या खर्चांतील आमचा वांटा आम्ही देत आहों.