फुलोऱ्याचा महिना

गांज्याच्या बियाण्याच्या पाकिटावर ‘बुरशीला दाद न देणारं’ असं छापलेलं दिसलं, की पाकीट उलटं करावं आणि दिवस किती ते वाचावं. ओल्या हवेत उघड्यावर हे झाड लावणाऱ्याला वाणाचा चिवटपणा थोडाफार उपयोगी पडतो, पण पीक पदरात पडणार की कुजणार हे बहुतेक वेळा फुलोरा कोणत्या महिन्यात उभा राहतो त्यावर ठरतं. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घरी तीन झाडं लावायची मुभा मिळाली आणि हॅम्बुर्ग-ब्रेमेनकडच्या परसबागांत हा प्रश्न चारचौघांत विचारता येऊ लागला. (भारतात १९८५ च्या कायद्यानुसार परवान्याविना ही लागवड गुन्हा आहे, तेव्हा इथे जे म्हणतो आहे ते या उत्तरेकडच्या वाफ्यांपुरतं.) माझं म्हणणं असं, की या मुलखात ऑटो, म्हणजे वयात आलं की आपोआप फुलणारं वाण, हीच शहाणी निवड आहे. मात्र लोक त्यासाठी जे कारण देतात ते चुकीचं असतं, आणि कारण चुकलं की निवडही चुकते.

मूळ गांज्याचं झाड घड्याळ पाहून फुलतं. पॅरिसमध्ये ज्युलियाँ टूर्नुआनं १९१२ च्या सुमारास हॉप आणि भांगेवर हे पाहिलं होतं. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून त्याचा नियम मांडला. दिवस आखूड होऊ लागला, रात्र पुरेशी लांबली, की झाड पानं सोडून फुलांकडे वळतं. हे घड्याळ ज्या मुलखात घडलं तिथे ते चोख चालतं. आज बांगलादेशात असलेल्या नौगावच्या सरकारी गांजा-महालात ऑगस्टमध्ये उंचवट्यावर रोपं टाकत, सप्टेंबरात लावणी करत, आणि माल निघे जानेवारी-फेब्रुवारीत. नर झाडं ओळखून उपटायला तिथे ‘पोद्दार’ नावाचा पारखी असे. बंगालइतकं दमट ठिकाण शोधून सापडणार नाही. तरी तिथे पीक येई, कारण दिवस आखूड व्हायला लागतात तोच पावसाळा सरतो. फुलोऱ्याला कोरडा हिवाळा आयता मिळतो. आता हेच घड्याळ उचलून हॅम्बुर्गला न्या. तिथे २१ जूनचा दिवस सतरा तासांचा (मुंबईचा जेमतेम सव्वातेरा). चौदा तासांवर उतरायलाच ऑगस्टचा शेवटचा आठवडा उजाडतो. तिथून आठ-नऊ आठवडे फुलोऱ्याचे धरले तर काढणी ऑक्टोबरच्या अखेरीस येते. त्या वेळी तिथे सकाळचं दहिवर दुपारपर्यंत वाळत नाही आणि संध्याकाळी पुन्हा पडतं. बंगालात ज्या खुणेनं झाडाला कोरड्यात आणलं, तीच खूण एल्ब नदीच्या काठी त्याला ओल्यात ढकलते. यात झाडाच्या अंगी कसलीच उणीव नाही. तिथल्या दिवसाचा आणि पावसाचा मेळ उलटा आहे, एवढंच.

ऑटोनं हे घड्याळच काढून टाकलं. १९२४ साली यानिशेव्हस्कीनं व्होल्गाकाठच्या रानटी भांगेला ‘रुडेरालिस’ हे नाव दिलं. ती वेगळी जात मानायची की नाही यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं अजून भांडण आहे, पण बागवाल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. त्याला हवी ती गोष्ट एवढीच, की आखूड उन्हाळ्यात वाढलेली ही बुटकी झाडं दिवसाची लांबी न बघता वयाच्या हिशेबानं फुलतात. फिनलंडचं ‘फिनोला’ हे तेलबियांचं हेंप वाण वाव्हिलोव संस्थेच्या संग्रहातल्या रशियन बियाण्यातून काढलं ते याच गुणासाठी. परसबागेच्या बाजारात ‘लोरायडर’ या वाणानं हाच गुण आणला. गुण अप्रभावी आहे. त्यामुळे पहिल्या संकरात तो दबतो आणि पुढच्या पिढीत चौथाई झाडांत उघडा पडतो. कोकणातल्या माणसाला हे वयानं फुलणं समजवायला शास्त्राची गरज नाही. साधारण १२० दिवसांच्या आत निघतं ते हळवं भात, १३५ च्या पुढे जातं ते गरवं. आणि जुनी गरवी भातं दिवस आखूड झाल्याशिवाय निसवत नाहीत. ऑटो म्हणजे हळवा गांजा. पंधरा मेला पेरलेलं ८५ दिवसांचं ऑटो ८ ऑगस्टच्या आसपास पिकतं. फुलोऱ्याचा सगळा काळ पंधरा ते सतरा तासांच्या उजेडात जातो.

यावर हवामानाचा तक्ता हातात घेऊन कुणी म्हणेल, हॅम्बुर्गला जुलै-ऑगस्टात पाऊस ऑक्टोबरपेक्षा कमी नसतो, बऱ्याचदा जास्तच असतो. मग पळून जाऊन मिळवलं काय? आक्षेप खरा आहे, आणि ‘उन्हाळा कोरडा असतो’ असं सांगून ऑटो विकणाऱ्यांनी तो ओढवून घेतलेला आहे. पण बुरशी मिलिमीटर मोजत नाही. ती तास मोजते. सफरचंदाच्या खवल्या रोगासाठी मिल्स यांनी १९४४ साली जो तक्ता दिला त्याचा गाभा हाच होता: तापमान अमुक असेल तर पान किती तास सलग ओलं राहिल्यावर लागण होते. अठरा अंशांच्या आसपास नऊ तास पुरतात, थंडीत त्याहून बरेच जास्त लागतात. गांज्याच्या फुलोऱ्यात शिरणारी करडी बुरशी, बोट्रायटिस, वेगळी असली तरी तिचं गणित याच जातीचं आहे. जुलैतली सर अर्ध्या तासात कोसळते आणि मागाहून ऊन-वारा तुऱ्याला झाडून काढतो. ऑक्टोबरात पाऊस नसलेल्या दिवशीही तुरा रात्रभर आणि अर्धी सकाळ भिजलेला असतो. जुलैची ऊब बुरशीला अधिक मानवते, हे कबूल करायला हवं. सलग तीन-चार दिवस झाकोळ आणि रिपरिप राहिली तर ऑटोही सडेल. फरक इतकाच, की उन्हाळ्यात असे दिवस अधूनमधून येतात आणि ऑक्टोबरात ओळीनं येतात.

महिना साधल्यावर मग तुऱ्याची घडण. बोट्रायटिस बाहेरून दिसेपर्यंत आतलं खोड गेलेलं असतं, कारण ती सुरुवात करते ती दाटीच्या पोटात, जिथे एखादं मेलेलं पान अडकून ओल धरून बसलेलं असतं. अफगाण-हिंदुकुशच्या वाणांचे गच्च, मुठीएवढे तुरे कोरड्या डोंगरी हवेत घडले. तिथे दाटीची किंमत मोजावी लागत नाही. दमट उष्ण मुलखातल्या वाणांची पानं अरुंद आणि तुरा विरळ, वाऱ्याला वाट देणारा. हे गांज्यापुरतं नाही. जर्मनीतल्याच द्राक्षबागांत पिनो न्वारचे सुट्या मण्यांच्या घडांचे क्लोन मुद्दाम निवडले गेले, ते याच करड्या बुरशीला चुकवण्यासाठी. आणि आपल्या नाशिककडचा बागायतदार घडाची विरळणी करतो त्यामागे मण्याच्या आकाराइतकीच हवेच्या वाटेचीही काळजी असते. गंमत अशी, की सुरुवातीची ऑटो वाणं किरकोळ आणि विरळ होती म्हणून लोक हसले, तेव्हा पैदासकारांनी त्यांत अफगाणी दाटी भरली. आज पाकिटावरच्या छायाचित्रात जो दगडासारखा तुरा डोळ्यांत भरतो, तो दिव्याखालच्या खोलीसाठी उत्तम आणि ओल्या परसासाठी बाद. छायाचित्र जितकं देखणं तितकं ते पाकीट खाली ठेवावं, हा माझा ठोकताळा. कडक आहे, पण महागात पडलेला नाही. पाकिटावरचे दिवसही वीस तासांच्या दिव्याखाली मोजलेले असतात, म्हणून थंड मे महिन्यातल्या पेरणीसाठी दहा-बारा दिवस वर धरावेत. मी ८५ म्हणतो तो आकडा ‘७५ दिवस’ छापलेल्या वाणाचा.

दुसरा आक्षेप उत्पन्नाचा, आणि तो सहजासहजी उडवता येत नाही. घड्याळ पाहून फुलणारं झाड वाट बघतं. गोगलगायींनी शेंडा खाल्ला, मे थंड गेला, कुंडी बदलताना मूळ दुखावलं, तरी जून-जुलैत ते भरपाई करून घेतं. ऑटो थांबत नाही. चौथ्या आठवड्यात ते वीतभर असो की हातभर, फुलायला लागतं. ओल्या हवेत गोगलगायी अमाप, म्हणजे ज्या हवेसाठी ऑटो निवडलं तीच हवा त्याचं बालपण खाते. म्हणून काही जाणते लोक ऑटो सोडून लवकर फुलणारी घड्याळवाली वाणं धरतात. ‘फ्रिजियन ड्यू’ हे डच वाण त्यांच्यापैकी एक. नावातच दहिवर घेऊन आलेलं. ज्याच्याकडे तीनच झाडांची परवानगी आहे त्याला प्रत्येक झाड मोठं हवं असणार, हेही रास्त. तरी मला हा सौदा पटत नाही. सप्टेंबरच्या शेवटाला किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पिकणारं मोठं झाड म्हणजे वर्षाची सगळी बाजी एका पंधरवड्यावर. तो कोरडा गेला तर टोपलीभर, ओला गेला तर बरंचसं खड्ड्यात. ऑटोची उणीव पहिल्या महिन्यात असते, आणि तिथे माणसाचा हात चालतो: बी थेट शेवटच्या कुंडीत पेरा, तीन आठवडे काचेआड ठेवा, कुंडीभोवती तांब्याची पट्टी लावा, रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा. ऑक्टोबरच्या दहिवराला वेचता येत नाही.

तरीही ‘लवकर’ हा स्वतंत्र गुण मानू नये. कोकणात हळवं भात वरकस जमिनीत घालतात, कारण तिथलं पाणी आधी ओसरतं. पण हेच हळवं पीक परतीच्या पावसात सापडलं तर शेतातच लोंब्यांना कोंब फुटतात, आणि खलाटीतलं गरवं त्या वेळी हिरवंगार डुलत असतं. नाशिकचा द्राक्षवाला तर वाण न बदलता छाटणीची तारीख मागेपुढे करतो, आणि ती चुकली, पोंग्यात किंवा फुलोऱ्यात अवकाळीनं गाठलं, की केवडा रोग बाग घेऊन जातो. ऑटोनं माणसाच्या हाती दिली ती नेमकी ही तारीख; पूर्वी ती सूर्याकडे होती. ती वापरायची तर दोन झाडं मेच्या मध्यावर आणि तिसरं जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरावं, म्हणजे एखादा ओला आठवडा सगळ्यांना एकदम गाठत नाही. त्यापुढे सरकू नये. १० जुलैला हौसेनं पेरलेलं तेच ८५ दिवसांचं वाण ३ ऑक्टोबरला पिकायला येतं, आणि तोवर सकाळचे नऊ वाजले तरी तुऱ्यावरून पाणी ठिबकत असतं.